सहा महिन्यांनी आपोआप

अकरा नोव्हेंबरला, माजी सैनिकांच्या दिवशी, माझ्या हॉटेलात फौजेत काम केलेल्यांना नाश्ता फुकट असतो. अंडी, सॉसेज, तळलेले बटाटे आणि कॉफी हवी तेवढी. ही प्रथा मी माझ्या धाकट्या भावासाठी सुरू केली, ड्यूईसाठी. तो कुवेतच्या लढाईला गेला आणि पेटीतून परत आला. एकवीस वर्षांचा होता. त्याचा गणवेशातला फोटो भिंतीवर लावलाय, आणि त्या दिवशी त्या फोटोखालच्या टेबलावर फक्त त्या लढाईला गेलेल्यांनी आणि त्यांच्या पाहुण्यांनी बसायचं, असा माझा नियम आहे. आमचं पायटन्स बेंड मिसूरीत, नदीच्या वळणावर. गाव लहान. त्या लढाईला गेलेले इथे दोनच उरले होते, क्लीट बोमन आणि ऑरिन टॅकेट.

क्लीट फौजेत वीस वर्षं होता, सगळी ऑफिसात. कोणाला घेतलं, कोणाची बदली झाली, कोणाला काढलं, सगळ्यांचे कागद तो करायचा. आता इथल्या माजी सैनिकांच्या हॉलचा अध्यक्ष आहे. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं, आणि दर शुक्रवारी हॉलसाठी तो माझ्याकडून डझनभर ॲपल-पाय नेतो. ऑरिन लोकांची छपरं दुरुस्त करायचा. बोलायचा कमी. माझं छप्पर त्याने दोनदा केलं, आणि नदीला पूर आला त्या वर्षी माझ्या आईला खांद्यावर घालून वरच्या रस्त्याला आणलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मला माणूस ठाऊकच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, ऐन जेवणाच्या गर्दीत, ऑरिन टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"वर्ना, दोन मिनिटं मागे येतेस?"

"मागे यायला मला वेळ आहे का? बोल ना इथेच. लग्नाची मागणी घालायची असेल तर ग्लेंडाला विचारून आलायस ना?"

ग्लेंडा म्हणजे त्याची बायको. तो हसला नाही. खोकला. खोकून झाल्यावर त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"माझी फुफ्फुसं कडक होत चाललीत. तिकडे तेलविहिरी जळत होत्या ना, त्या धुराने, असं डॉक्टर म्हणतो. सैनिकांच्या हॉस्पिटलात त्यावर उपचार आहेत. तिथे गेलो तर म्हणाले, तुम्हाला घेता येत नाही. माझ्या दाखल्यावरचा शेरा वाईट आहे."

"कसला शेरा?"

"फौजेतून सुटल्याचा दाखला असतो ना, त्यावरचा. सन्मानाने सोडलं असं नाहीये त्यावर." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "मुदतीच्या आधीच काढलं होतं मला."

मी तापल्या तव्यावर हात पडल्यासारखी ओरडले, "तुला काढलं होतं?"

चमचे थांबले. मी मुद्दाम ओरडले नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत असे. आता सांगत नाही.

ऑरिनने सगळं तिथेच उभ्याने सांगितलं, कारण मी त्याला हलूच दिलं नाही. लढाईत तो जळालेले ट्रक ओढून आणायचा, आत जे काय असेल त्याच्यासकट. परत आल्यावर त्याला झोप येईना. एक दिवस छावणीतून निघाला आणि आईकडे जाऊन पाच आठवडे पडून राहिला. मग आपल्या पायांनी परत गेला. त्यांनी दोन रस्ते ठेवले, खटला किंवा सही. सही केली तर वाईट शेऱ्यावर सुटका.

"ऑफिसातला माणूस म्हणाला, कर सही, काळजी करू नकोस. सहा महिन्यांनी शेरा आपोआप चांगला होतो. मी केली. आणि कागद पेटीत टाकून दिला. मला वाटलं, झाला असेल."

"तीस वर्षं?"

"मला वाटलं, झाला असेल," तो परत म्हणाला.

मागच्या टेबलावरून क्लीट गडगडला. "सहा महिन्यांनी आपोआप? अरे, शेरा आहे का सर्दी, आपोआप बरी व्हायला?"

सगळं हॉटेल हसलं. मीही हसले. ऑरिनचे कान लाल झाले, पण तो गेला नाही. त्याला पत्र हवं होतं. शेरा बदलून देणारं एक मंडळ असतं. फुकट काम करणाऱ्या एका वकीलबाईने त्याचा अर्ज तयार केला होता. तीस वर्षं हा माणूस नीट वागला, असं गावातल्या जबाबदार लोकांनी लिहून द्यायचं, आणि त्याला का काढलं ते आपल्याला माहीत आहे असंही त्यात लिहायचं. नाहीतर मंडळ ते पत्र धरत नाही. म्हणून तर तो गावभर घरोघरी जाऊन स्वतःची अब्रू सांगत फिरत होता. मी चौथी.

"तुझ्या भावाचं नाव त्या लढाईत आहे," तो म्हणाला. "तुझ्या शब्दाला वजन येईल."

भावाचं नाव त्याने काढायला नको होतं. मी वर फोटोकडे बघितलं आणि माझं पित्त खवळलं. अठरा वर्षं हा माणूस ड्यूईच्या खाली बसून माझी अंडी खात होता. ड्यूई पळाला नाही. ड्यूई आईकडे येऊन पडला नाही. आला असता तर आज जिवंत असता, हे माझ्या डोक्यात आलं आणि त्याचा राग मी ऑरिनवरच काढला. दुसरं कोण होतं समोर?

"लिहीन," मी म्हटलं. "खरं ते लिहीन."

"खरंच हवंय," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी क्लीट गल्ल्याशी येऊन माझ्या कानाशी लागला. "त्या आपोआपवर तू विश्वास नाही ना ठेवलास? कोण सांगेल असं कुणाला? मी वीस वर्षं त्याच टेबलावर बसलोय, बाई. बनाव आहे सगळा. तुझ्या भावाच्या नावावर जेवला तो."

मी पत्र लिहिलं. पूर लिहिला, आई लिहिली, छपरं लिहिली. आणि शेवटी लिहिलं: 'ऑरिन टॅकेट अठरा वर्षं दर अकरा नोव्हेंबरला माझ्या मृत भावाच्या फोटोखाली, सन्मानाने सुटलेल्या सैनिकांच्या पंगतीत बसून फुकट जेवला. त्याला का काढलं ते त्याने आम्हाला कधीही सांगितलं नाही. गरज पडली तेव्हा सांगितलं.' यात एक अक्षर खोटं नाही. पाकीट चिकटवून मी त्याच्या हातात दिलं. त्याने दोन्ही हातांनी घेतलं आणि माझे आभार मानले.

तो ते उघडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तसाच माणूस होता तो.

मंडळाचं उत्तर यायला सव्वा वर्ष लागलं. तेवढ्यात ऑरिनचा शिडीवर चढण्याचा दम संपला, मग पायऱ्या चढण्याचा, मग बुटाच्या नाड्या बांधण्याचा. हॉलमधून क्लीटने त्याचं नाव काढलं. नियमच तसा आहे, म्हणाला. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत ऑरिन फुटपाथवर खुर्ची टाकून बसला होता, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "ऑरिन, सहा महिने झाले का रे?" गावात ती गंमतच होऊन बसली होती. कोणाचा ट्रक बिघडला तरी लोक म्हणायचे, ठेव तसाच, होईल सहा महिन्यांनी आपोआप.

सप्टेंबरात एका दुपारी ग्लेंडा आली. हॉटेल रिकामं होतं. तिने कागद माझ्यापुढे ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"वाच. मोठ्याने वाच. तुला मोठ्याने बोलायची सवय आहे."

मी वाचलं. "अर्जदाराने स्वतः जोडलेल्या साक्षीदाराच्या पत्रावरून असे दिसते की, सुटकेनंतर त्याने अनेक वर्षे आपल्या सेवेविषयी लोकांचा गैरसमज कायम ठेवला व त्याचा लाभ घेतला. सबब वर्तन चांगले राहिल्याचा दावा ग्राह्य धरता येत नाही. शेरा आपोआप बदलेल असे त्याला सांगण्यात आल्याचा कोणताही पुरावा नाही. अर्ज फेटाळण्यात येत आहे."

"मी खोटं काही लिहिलं नाही, ग्लेंडा."

"नाही ना. म्हणून तर त्यांनी उचललं." तिने कागदाची घडी घातली. "मी त्याला म्हटलं होतं, उघडून बघ. म्हणाला, वर्नाने चिकटवून दिलंय, उघडलं तर तिचा अपमान होईल. स्वतः पोस्टात टाकून आला."

कागद तिने पर्समध्ये टाकला.

"वकीलबाई म्हणते, नवा पुरावा मिळाला तर एकदा परत विचारता येतं. असं सांगून सह्या घ्यायचे, एवढं कुणीतरी सांगायला हवं. एक माणूस हवा. तीस वर्षांपूर्वी कोण काय बोललं, तो माणूस मी कुठून आणू? आणि डॉक्टर म्हणतो, हॉस्पिटल मिळालं तर अजून काही वर्षं आहेत, नाहीतर हा हिवाळा."

ती गेल्यावर मी ओटा दोनदा पुसला. लाज वाटली का? वाटली. पण रागही होताच, आणि राग असला की लाज झाकता येते. मी स्वतःला सांगितलं, त्याने खोटं बोलायला नको होतं.

मग अकरा नोव्हेंबर आला. ऑरिन येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तो आला. चाकांवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर मागे ओढत आला, नाकात नळी, शर्ट इस्त्रीचा. ड्यूईच्या फोटोकडे त्याने बघितलंही नाही. दाराजवळच्या छोट्या टेबलावर बसला.

"दोन अंडी, वर्ना. पैसे देणार आहे मी."

"ऑरिन, आज राहू दे की..."

"पैसे देणार आहे," तो म्हणाला.

फोटोखालच्या टेबलावर क्लीट बसला होता, सोबत शेजारच्या गावांतले चार माजी सैनिक. जुन्या गोष्टी रंगल्या होत्या. मी कॉफीचं भांडं घेऊन त्यांच्याकडे गेले. एकेकाचा कप भरत क्लीटच्या कपाशी आले, तेव्हा त्याची गोष्ट ऐन रंगात आली होती.

"सही करायला रडायची रे पोरं! एकेकाला तास लागायचा. बाहेर रांग ही एवढी, आणि आमचा साहेब डोक्यावर बसलेला. मग मी एक युक्ती काढली. म्हणायचो, पोरा, कर सही, सर्दी झालीय असं समज, सहा महिन्यांनी आपोआप बरी होते! लगेच करायची! थँक्यू म्हणून जायची!" त्याने टेबलावर थाप मारली. "आम्ही सगळेच सांगायचो. अजून वाट बघत असतील बिचारी!"

चौघे हसले. एकाने तर डोळे पुसले. मी कप भरला. माझा हात हलला नाही, थेंब सांडला नाही.

मागे खुर्ची सरकली. ऑरिन उठून उभा होता, टेबलाला धरून. नळीतून हवेचा फुस्‌ फुस्‌ आवाज येत होता आणि हळूहळू सगळं हॉटेल तो ऐकू लागलं.

"क्लीट," तो म्हणाला, "हे मला लिहून देशील?"

"काय लिहून?"

"आत्ता बोललास ते. एक ओळ. तुमच्या ऑफिसात असं सांगायचे, एवढीच."

क्लीटचा चेहरा उतरला, मग कडक झाला. त्याला पेन्शन आहे, हॉल आहे, मिरवणुकीत पुढची मोटार आहे. "गंमत करत होतो मी," तो म्हणाला. "गोष्ट सांगत होतो. असं काही कोण सांगतं का? तुझे कान वाजले."

ऑरिनने त्या चौघांकडे बघितलं. ते अंडी खाऊ लागले. मग तो माझ्याकडे वळला. घाईने नाही. त्याची माझ्याबद्दल खात्री होती, हेच तर मला अजून सोसत नाही.

"वर्ना. तू ऐकलंस ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ऐकलं म्हटलं असतं तर एका पत्राचं काम होतं, आणि पत्र लिहायला मला येतं. पण मग आधीच्या पत्राचं काय? ऑरिन खरं बोलत होता, अठरा वर्षं तो भोळेपणाने तिथे जेवला, आणि त्याचा श्वास मी माझ्या हाताने पाकिटात घालून चिकटवला, हे सगळं त्या एका 'हो'त होतं. गावाने ते ऐकलं असतं. मला ते ऐकायचं नव्हतं.

"मी मागे चुलीपाशी होते," मी म्हटलं. "मला काही ऐकू आलं नाही."

भांडं माझ्या हातात होतं. क्लीटच्या कपातून वाफ निघत होती. हॉटेलातला एकेक माणूस ते बघत होता आणि एकजणही बोलला नाही.

ऑरिनने माझ्याकडे, मग भांड्याकडे बघितलं. नंतर मान हलवली.

"असशील," तो म्हणाला. अंडी त्याने खाल्ली नव्हती. पैसे बशीखाली ठेवले, सिलिंडरची दांडी धरली आणि निघाला. दाराच्या उंबऱ्यावर चाक अडकलं. त्याला ते एकट्याला उचलायला बराच वेळ लागला, आणि आम्ही सगळे बसून राहिलो.