फळीनं पाहिलं

मी फळी बोलतेय. भिंतीवरची नव्हे, भांड्यांची नव्हे, गोळाफेकीच्या वर्तुळापुढची. पांढरी, बुटकी, द्वितीयेच्या चंद्रासारखी वाकलेली. गोळा फेकणारा जोरात पुढे येतो तेव्हा त्याचा पाय मला आतून अडतो, म्हणून तो तोंडावर आपटत नाही. आतून हवं तेवढं टेका, माझी ना नाही. पण माझ्या डोक्यावर पाय पडला की फेक बाद. जन्म लाथा खाण्यात गेला, पण डोक्यावर पाय मी कुणाचा चालवून घेतला नाही.

तशी जन्मानं मी सरळ. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या मक्याच्या रानात चेक शेतकऱ्यांचं एक लाकडी चर्च होतं. त्यातल्या ओकच्या बाकाची मी बैठक. माझ्यावर बसून लोकांनी लग्नं पाहिली, प्रवचनात डुलक्या काढल्या, आपापली पापं आठवली. पुढे तरुण माणसं शहरांकडे गेली, म्हातारी देवाकडे गेली आणि चर्च पाडलं गेलं. फ्रँक कुचेरा नावाच्या शेतकऱ्यानं मला उचलून आपल्या गोठ्यात ठेवलं.

त्याच वर्षी त्याचा मुलगा मायलो जवळच्या कॉलेजात फेकीचा कोच म्हणून लागला. गोळा, थाळी, हातोडा, भाला, माणसाला जे जे म्हणून लांब फेकता येतं ते सगळं त्याच्याकडे. वर्तुळापुढची जुनी फळी कुजून गेली होती आणि कॉलेज म्हणत होतं, पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही," फ्रँक म्हणाला. "काढ तो बाक गोठ्यातून."

बापलेकांनी मिळून माझे तुकडे केले, सरसानं जोडले, घासून मला गोलाई दिली आणि पांढरा रंग फासला. काम झाल्यावर फ्रँकनं माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "आजवर माणसांची पापं पाहिलीस. आता पायांची बघ." तेव्हापासून मी तेच करतेय.

फेकीच्या कोचचं आयुष्य कसं असतं, ते मला विचारा. धावणाऱ्यांना गॅलरीसमोरची लाल वाट, टाळ्या, फोटोवाले. फेकणाऱ्यांना मैदानाचा पार कोपरा, कुंपणाजवळ, कारण ते गवतात खड्डे पाडतात. घरच्यांशिवाय कुणी बघायलाही यायचं नाही. मायलो सगळ्यांच्या आधी यायचा, केरसुणीनं वर्तुळ झाडायचा, बुटाची टाच घासून ती जमीन नीट धरतेय ना ते पाहायचा आणि मग त्याच केरसुणीनं माझ्या अंगावरची धूळ झटकायचा. दर वसंतात मला नवा रंग. शनिवारी पोरांना व्हॅनमध्ये कोंबून परगावच्या स्पर्धांना न्यायचा. ती अगडबंब पोरं वाटेतल्या खाणावळी कशा रिकाम्या करायची, त्याच्या गोष्टी सोमवारी माझ्या कानावर पडायच्या.

मला माणसांचे चेहरे फारसे दिसत नाहीत. मी माणूस पायांवरून ओळखते. घाईचा पाय, भित्रा पाय, आदल्या दिवशी भांडून आलेला पाय. मायलोही तसाच. गोळा हातातून सुटला की सगळ्या जगाचे डोळे गोळ्यामागे जातात. खाली पाहणारे दोघंच, तो आणि मी.

त्याचा एक धडा सगळ्या धड्यांवर होता. गोळा पडेपर्यंत वर्तुळात तोल सांभाळायचा आणि मग मागच्या अर्ध्या भागातून बाहेर पडायचं. पुढून पाय काढला तर कितीही लांबची फेक बाद. खेळाचा नियमच आहे तसा. सरावातली रद्दी फेक असली तरी तो ओरडायचा, "आलास त्या दारानं जा." पोरं त्याची नक्कल करायची. जेवणाच्या टेबलावरून उठताना, वर्गातून निघताना, एकमेकांना म्हणायची, "आलास त्या दारानं जा रे."

त्याच्या घरीही तेच. आमच्याकडे पुढचं दार पाद्र्याचं आणि विमेवाल्याचं. घरची माणसं मागून, थेट स्वयंपाकघरात. हंगाम संपला की मायलोची बायको बेव्ह सगळ्या पोरांना घरी जेवायला बोलवायची. मोठं पातेलंभर चिली, म्हणजे राजमा आणि खिम्याचं झणझणीत कालवण, आणि त्यासोबत दालचिनीचे गोड रोल. बाहेरगावच्या पोरांना तिखटाबरोबर गोड पाहून हसू यायचं. दुसऱ्या वाढपाला तीच पोरं रोल मागून घ्यायची.

असं वर्षामागून वर्ष गेलं. मायलोचे केस पिकले, उजवा खांदा कामातून गेला, माझ्या अंगावर रंगाचे थर चढले. एक गोष्ट मात्र त्याच्या नशिबात नव्हती. त्याचं एकही पोर राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचलं नव्हतं. तिथं जायला जेवढी लांब फेक लागते, तेवढ्या अंतरावर त्यानं गवतात एक खिळा ठोकून त्याला बेव्हच्या जुन्या ॲप्रनची पिवळी फीत बांधली होती. फीत दरवर्षी विटायची, तो नवी बांधायचा. तिच्या पलीकडे आमच्या कुणाचा गोळा पडला नव्हता.

मग रेनी आली. रेनी ओल्टमन्स, पश्चिमेकडच्या वाळूच्या टेकड्यांतली, गुराढोरांत वाढलेली. पहिल्या दिवशी ती कोचच्या घरी गेली आणि पुढच्या दाराची घंटा वाजवली. बेव्हनं दार उघडून तिला आपादमस्तक पाहिलं. "काय गं, विमा विकायला आलीस?" ही गोष्ट वर्तुळाभोवती इतक्यांदा सांगितली गेली की मला पाठ झाली.

तिचा डावा पाय माझ्या पोटाशी असा येऊन टेकायचा की लागल्याचं कळायचंही नाही. मायलोनं तो पाय ओळखला आणि मीही ओळखला.

"पोरी, तुझ्यात काय आहे माहीत आहे का?"

"दालचिनीचे रोल, कोच. सकाळपासून पाच झाले."

"त्यांच्या खाली," मायलो म्हणाला. "त्यांच्या खाली पिवळी फीत आहे."

चार वर्षं तो तिच्या मागे लागला आणि ती त्याच्या. थंडीत बर्फ खरवडून दोघांनी वर्तुळ मोकळं केलं. वाऱ्यात, भुरभुर पावसात, परीक्षेच्या आदल्या दिवशी. शेवटच्या वर्षी तिचा गोळा फितीच्या अलीकडे वीतभर पडू लागला. मग चार बोटं.

तिची शेवटची संधी आमच्याच मैदानावर आली. छोट्या कॉलेजांच्या स्पर्धेत पंच कुठून आणायचे? यजमान कोचनंच झेंडे हातात घ्यायचे, अशी रीत आहे. एका हातात पांढरा, म्हणजे फेक धरली; दुसऱ्यात लाल, म्हणजे बाद. मायलो वर्तुळाच्या बाजूला उभा राहिला. पाच फेका झाल्या. सहावी, शेवटची, उरली.

ती आत आली, मागे वळली, गोळा मानेशी घेतला. तिचा पाय मला लागला आणि मला कळलं. इतक्या वर्षांत असा पाय मला लागला नव्हता. गोळा गेला. सगळं मैदान वर पाहत राहिलं. तो पिवळ्या फितीच्या पलीकडे धपकन पडला आणि असा आरडाओरडा झाला की लाल वाटेवरचे धावणारेसुद्धा थांबले.

आणि रेनी हसत, हात उंच करून, माझ्यावरून उडी मारून पुढे धावली. फितीकडे.

मायलोचा पांढरा झेंडा छातीपर्यंत वर आला होता. तो तिथंच थांबला. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. मग तो खाली गेला आणि लाल वर आला.

पलीकडच्या कॉलेजचा कोच जुना दोस्त होता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मायलो, जाऊ दे ना यार. आमच्यातल्या कुणीही पाहिलं नाही."

"फळीनं पाहिलं," मायलो म्हणाला.

रेनी परत आली होती. तिनं ते ऐकलं. हातातोंडाशी आलेला घास गेला होता, आणि तो काढून घेणारा हात कोचचा होता.

"तुम्ही कुणाचे कोच आहात?" ती म्हणाली. "माझे की त्या लाकडाचे?"

ती पिशवी उचलून निघून गेली. त्या वर्षी चिलीच्या जेवणाला ती आली नाही.

मैदान रिकामं झाल्यावर मायलो माझ्यावर येऊन बसला. चर्च पाडल्यापासून माझ्यावर कुणी असं बसलं नव्हतं. लाल झेंडा त्याच्या मांडीवर होता. "बरोबर केलं ना गं?" त्यानं विचारलं. मला वाचा असती तर म्हटलं असतं, बरोबर केलंस, आणि म्हणूनच इतकं दुखतंय. त्याच्या नशिबातली एकुलती एक फेक होती ती. पोरीची गेली तशी त्याचीही गेली. हे पोरीला कोण सांगणार?

त्यानं पिवळी फीत काढली नाही. नवीही बांधली नाही. दर नाताळात बेव्ह खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले चेक गोड पाव, भाजून रेनीच्या गावी पाठवायची. तिकडून कधी होय नाही, कधी नको नाही. "डबा परत येत नाही ना," बेव्ह म्हणायची, "म्हणजे खातेय." निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी मायलो काम सोडेना. कॉलेजला वाटायचं, म्हाताऱ्याला काम सुटत नाही. मला ठाऊक होतं, तो कुणाच्या तरी पायांची वाट पाहतोय.

मग एका वसंतात आमच्या मैदानावर शाळांची स्पर्धा होती. आडगावांतल्या पोरीसोरी आल्या होत्या. मायलो केरसुणी घेऊन वर्तुळ झाडत होता. सरावाला एका काटकुळ्या पोरीनं गोळा फेकला आणि ती पुढून बाहेर पडू लागली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ए बाई! आलीस त्या दारानं जा!"

मायलोची केरसुणी थांबली. त्यानं मान वर केली नाही. तो खाली पाहत राहिला, कारण आम्ही दोघं माणसं पायांवरून ओळखतो. ते पाय वर्तुळाच्या मागून आले आणि थांबले.

"शाळेत शिकवतेस?" मायलोनं विचारलं.

"फेक शिकवते. इतिहासही, पण तो पगारासाठी."

"पोरी पुढून जातात?"

"जातात ना." रेनीनं बुटाच्या टोकानं वर्तुळाची कड घासली. "मागच्या महिन्यात मीच एकीला लाल दाखवला, कोच. माझ्याच पोरीला. ती अजून माझ्याशी बोलत नाही."

"बोलेल," मायलो म्हणाला. "फक्त डबे पाठवत राहा."

ती हसली, मग तिनं डोळे पुसले. मायलोनं उगाचच झाडलेली जागा पुन्हा झाडली.

"कोलाचे चांगले असायचे. संध्याकाळी घरी येऊ का?"

"ये. पण पुढच्या दारानं आलीस तर मला विमा घ्यावा लागेल."

पुढच्या हंगामाअखेर मायलोनं काम सोडलं आणि त्याच्या जागी रेनी आली. निरोपाच्या दिवशी जुनी पोरं कुठून कुठून जमली. काहींना पोटं सुटली होती, काहींची पोरं खांद्यावर होती. सगळ्यांनी हट्ट धरला, कोच, एक फेक. खांदा कामातून गेलेला, तरी त्यानं पोरींचा हलका गोळा घेतला आणि माझ्यासमोर उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याचा पाय मला पहिल्यांदाच आतून लागला. म्हातारा पाय, पण शिस्तीचा.

गोळा जवळच पडला. कुणी गोळ्याकडे पाहिलंच नाही. समोर गवतात, त्या विटक्या फितीपाशी बेव्ह हात पसरून उभी होती. मायलोचे डोळे भरून आले आणि तो सरळ, माझ्यावरून, तिच्याकडे चालत गेला.

रेनीनं लाल झेंडा वर केला.

"पोरी," मायलो मागे वळून म्हणाला, "माझी शेवटची फेक आहे."

"माझीही शेवटचीच होती."

"कुणी पाहिलं?"

"फळीनं पाहिलं, कोच," रेनी म्हणाली. झेंडा हलला नाही.

मायलो हसला. बेव्हचा हात सोडून तो परत आला, वर्तुळात उभा राहिला, माझ्याकडे पाठ केली आणि मागून बाहेर पडला. तिथं रेनी झेंडे खाली टाकून उभी होती. तिनं त्याला असं कवटाळलं की म्हाताऱ्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले. तेही मी पाहिलं.

आता वर्तुळापुढे धातूची नवी फळी आहे. रेनीनं मला उपसून कोचला आणून दिलं. त्यानं मला घासलं, नवा रंग दिला आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, उंबऱ्याला लागून बसवलं. पोरं अजून येतात. आत चिलीचा वास असतो. मायलो खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्यांचे पाय पाहतो आणि मला विचारतो, "कोण आलं गं?"

तुम्हीही इतका वेळ माझ्यापाशी बसलात. आता उठाल. माझ्या डोक्यावर पाय तेवढा देऊ नका. पुढचं दार मोकळं दिसतंय, पण तो मोह टाळा. आलात त्या दारानं जा, म्हणजे तुमचं येणं धरलं जाईल.