लाभ, दोन, तीन

आमच्या कॉलेजात यंदापासून मुलांचे प्रोग्रॅम एआय तपासतं आणि मी निकालावर सही करते. मी साताऱ्याकडची, वर्ध्यात नोकरीला. पेपर तपासायचा कंटाळा कुणाला नसतो? मीही खूशच होते.

असाइनमेंट साधी होती: बाजारात आलेली भाजीची कॅरेट मोजायची आणि प्रत्येकाचा आकडा छापायचा. एआयने दोन नावं लाल केली. आंजीची हर्षा आणि हिंगणघाटचा योगेंद्र. दोघांच्याही प्रोग्रॅमने 'एक'च्या जागी 'लाभ' छापलं होतं. इतकी विचित्र चूक दोघांच्या हातून योगायोगाने होत नाही, म्हणून कॉपी. कॉपी म्हणजे शून्य, आणि परीक्षेला बसायला बंदी.

मी हर्षाला बोलावलं आणि चांगलीच झापली. "नक्कल करायची तर निदान चुका तरी गाळायच्या!"

तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "मॅडम, त्या योगेंद्रसंग मी कधी बोलली बी नाई. अन् चूक काऊन? आमच्या घरी वांग्याचे कॅरेट मोजताना एक म्हणतच नाई. बरकत राहावी म्हून पयला लाभ, मंग दोन. आमचे आबाजी तसेच मोजतेत."

मला तो बनाव वाटला. तिला तिथंच बसवून मी वर्गाबाहेर योगेंद्रला गाठलं. त्याच्या घरचं धान्याचं दुकान.

"काट्यावर पयलं पोतं लाभच असते नं, मॅडम," तो म्हणाला. "तुमच्याकडे काय म्हणतेत?"

परत येऊन दोघांचे प्रोग्रॅम शेजारी शेजारी उघडले. तो लाभ सोडला तर काहीच जुळत नव्हतं. मग राहवेना, म्हणून पैकीच्या पैकी मिळवणारे उघडले. सगळे एका साच्यातले, गुळगुळीत. काहींत तर 'इथे तुमचं नाव लिहा' ही एआयची ओळही तशीच राहिली होती. यंत्राने स्वतःचंच लिखाण तपासून स्वतःची पाठ थोपटली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि सही माझी होणार होती. मला फार लाज वाटली.

"मॅडम, लाभ खोडून एक लिहू का?" हर्षाने विचारलं.

"राहू दे. आकडा मागितला होता, म्हणून एक मार्क कापते. बाकीचे नऊ तुझे."

"अन् बाकीचे पोरं?"

"उद्या माझ्यासमोर बसून पुन्हा लिहितील. स्वतःच्या डोक्याने."

हर्षा पहिल्यांदाच हसली. "मंग उद्या लय लाभ निघतीन, मॅडम. अर्धा वर्ग आमच्यासारखाच हाये."