पुसलेली बाजू

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावात, हंबीररावांच्या घरी, टीव्हीच्या कपाटावर माझी जागा आहे. माझ्यात रेडिओ नाही. मला दोनच कामे येतात. काळे बटण दाबले की मी कॅसेट वाजवतो. काळे आणि लाल अशी दोन्ही बटणे एकदम दाबली की समोरचा आवाज कॅसेटवर भरून घेतो. भरताना त्या जागेवरचे आधीचे सगळे पुसतो. माझी घडणच तशी आहे.

मी या घरात वर्षाराणीबरोबर आलो. पंचाण्णव साली तिचे लग्न झाले, तेव्हा कोडोलीच्या तिच्या भावाने मला आहेर म्हणून दिले. तेव्हा मी नवा होतो. शेजारच्या बायका मला हात लावून बघत.

त्या काळी टीव्हीवर आठवड्यातून एकदा नव्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम लागे. ती सिनेमातली गाणी नव्हती. नव्या पोरापोरींनी स्वतःच्या नावावर काढलेली गाणी होती. वर्षाराणीला ती फार आवडत. विकत कॅसेट घ्यायची तर हंबीररावांना विचारावे लागे. म्हणून ती मला टीव्हीसमोर स्टुलावर ठेवायची आणि गाणे सुरू झाले की दोन बोटांनी दोन्ही बटणे दाबायची. मग घरात कुणी बोलायचे नाही, असा तिचा नियम होता.

हंबीरराव फौंड्रीत कामाला होते. दिवसभर लोखंडाच्या आवाजात उभे राहून त्यांना घरी शांतता हवी असे. ते नेमके गाण्याच्या मधेच येत.

“ताट वाढतीस का न्हाय? दिवसभर कानात घण वाजत्यात, आणि घरात ह्यो गोंधळ!”

“शूऽऽ! गप बसा की वो जरा. टेप चालू हाय.”

“तुझी टेप घाल चुलीत!”

हे सगळे माझ्यात भरले जाई. कॅसेटच्या पहिल्या बाजूवर प्रत्येक गाण्यात कुठे ना कुठे हे दोघे होते. दुसरी बाजू तिने हंबीररावांची दुसरी पाळी असताना भरली. तेव्हा घरात ओरडणारे कुणी नव्हते. त्यामुळे तिलाही काही बोलावे लागले नाही. त्या बाजूवर नुसती गाणी आहेत.

पुढे मुलगी झाली, अनुजा. ती मोठी झाली आणि कानात वायर घालून स्वतःची गाणी ऐकू लागली. माझ्यावर रुमाल पडला. तरी दुपारी हंबीरराव कामावर गेले की वर्षाराणी रुमाल काढायची, काळे बटण दाबायची आणि भाजी निवडत बसायची. ते परत यायच्या आत मला बंद करायची. एकदा अनुजा हसली.

“आई, ही म्हाताऱ्यांची गाणी कशाला ऐकतीस? आणि ऐकायचीच तर फोनवर सगळी मिळत्यात की. खरखर न्हाय, काय न्हाय.”

“मिळू देत,” वर्षाराणी म्हणाली. “फोनवरच्या गाण्यात तुझा बा मधी ओरडत न्हाय. मला चुकल्यागत हुतंय.”

अनुजा लग्न होऊन पेठ वडगावला गेली. हंबीरराव कामावरून निवृत्त झाले. आता आपण दोघे मिळून ऐकू, असे वर्षाराणी एकदाच म्हणाली. ते म्हणाले, “बघू की.” गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

पाहुणे पांगल्यावर हंबीरराव माझ्यासमोर येऊन बसले. तीस वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. त्यांना तिचा आवाज ऐकायचा होता. तो या कॅसेटवर आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही, हे त्यांना अनुजाने सांगितले होते. मला सुरू कसे करतात, हे त्यांनी फक्त एकाच प्रसंगी पाहिले होते. वर्षाराणी दोन बोटांनी दोन बटणे दाबायची तेव्हा.

त्यांनी दोन्ही बटणे दाबली.

कॅसेट फिरू लागली. आवाज काही आला नाही. त्यांनी आवाजाचे चाक पूर्ण फिरवले. कान माझ्या जाळीला लावला. फौंड्रीने त्यांचे कान अर्धे नेलेच होते. आता उरलेलेही गेले, असे त्यांना वाटले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. ती पहिली बाजू पूर्ण संपेपर्यंत ते कान लावून बसले. तिचा आवाज एकेका गाण्यातून जात होता, आणि जायला मीच कारण होतो.

रविवारी अनुजा आली. हंबीरराव तिला म्हणाले, “कान गेलं माझं, अनू. तूच ऐक, आणि ती काय म्हणतीया मला सांग.”

तिने कॅसेट मागे घेतली आणि काळे बटण दाबले. हंबीररावांच्या मोठ्या खोकल्याचा आवाज आला. मग त्यांचेच बोलणे.

“ऐकू येत न्हाय गं मला. वर्षा, मोठ्यानं बोल की. बोल की जरा.”

हंबीररावांना ते स्वच्छ ऐकू आले. त्यांनी लेकीकडे पाहिले.

“आबा, लाल बटण दाबलासा व्हय?”

अनुजाने शेवटपर्यंत कॅसेट पुढे पुढे नेऊन बघितली. मग ती जमिनीवर बसून रडली. आधी वडिलांवर चिडून, आणि मग त्यांना धरून.

कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे असतात, एकेका बाजूसाठी एक. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. अनुजाने सुरीच्या टोकाने एक मोडला, मग दुसराही.

“ही बाजू कशाला ठेवतीस?” हंबीररावांनी विचारले. “हिच्यावर मीच हाय नुसता.”

“म्हणूनच,” ती म्हणाली.

मित्रांनो, माझा पट्टा सैल झाला आहे. मी फार दिवस चालणार नाही. माझी काळजी घ्या, असे मी म्हणणार नाही. तुमची आई कोणते गाणे गुणगुणते, ते तिला आजच विचारा. ती ऐकत असेल तेव्हा तिच्याजवळ बसा. गाणे आवडले नाही तरी बसा.

हंबीरराव आता रोज दुपारी काळे बटण दाबतात आणि दुसरी बाजू लावतात. गाणी त्यांना अजून कळत नाहीत. ते गाणे संपायची वाट बघतात. दोन गाण्यांच्या मधे खट् असा आवाज येतो. तिने बोटाने मला बंद केल्याचा तो आवाज आहे. तो आला की ते मान हलवतात, आणि पुढचा खट् येईपर्यंत गप बसून राहतात.