दाजींचं चाळीसचं बुकिंग

मोठी पार्टी म्हटली की मालकांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि माझ्या कपाळाला आठ्या पडतात. करंजाड्याच्या आमच्या हॉटेलात वाढायला मी धरून तिघीच. एकदम चाळीस माणसं बसली की एकाला रस्सा तिखट, दुसऱ्याला तोच फिका, पोरं टेबलाखाली. मालक कुंदनशेठना हे सांगून उपयोग नाही. ते गल्ल्यावर बसतात, त्यांना गर्दी गोडच लागते.

त्या रविवारी दुपारी दाजींची पार्टी होती. दाजी जवळच्याच गावचे. त्यांच्या मनस्वीचं लग्न जमलं होतं आणि उरणकडच्या सोयऱ्यांना हे पहिलं जेवण. पोरीच्या हट्टापायी अंगणातला मांडव सोडून हॉटेलात ठेवलेलं. शेठनी फोनवर विचारलं, किती? दाजी म्हणाले, चाळीस. झालं, चाळिसांचं मटण शिजलं.

सोयरे आले, त्यांनीच निम्म्या खुर्च्या भरल्या. मग दाजींची माणसं यायला लागली, ती थांबेचनात. टेम्पो भरून बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. मी दाजींना बाजूला घेतलं.

"दाजी, चाळीस म्हणाला होतात ना?"

"चाळीसच हायती. घरां. चूलबंद आवतान दिलंय."

चूलबंद म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटायची नाही, लहानथोर सगळे जेवायला.

"आणि माणसं किती?"

"जेवनारी मानसां कोन मोजतं काय?"

मी हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. शेठ तोवर फोन कानाला लावून मागच्या दाराने पसार झाले. संकट आलं की त्यांना हटकून फोन येतो.

मी दाजींना सरळ सांगितलं, भात वाढवता येईल, रस्सा थोडा वाढवता येईल, मटण नाही पुरायचं. त्यांचा चेहराच उतरला. पहिल्याच जेवणाला सोयऱ्यांसमोर कमी पडलं तर नाक कापलं जाणार, आणि पोरगी सासरी जन्मभर टोमणे खाणार. ते हळूच म्हणाले, "सोयऱ्यांना पोटभर वाढ. आमची मानसां भायेर थांबतील."

आम्ही वाढलं. पण कोणी ताटाला हात लावेना. नवऱ्यामुलाची आजी गंगाबाई सगळ्यांत थोरली, तिने घास घेतल्याशिवाय कोण घेणार? आणि ती तर हात मांडीवर ठेवून दाराकडे बघत बसलेली. माझं डोकं फिरलं. आम्ही इतकी धावपळ करायची आणि यांनी जेवण गार करून खायचं!

"आजी, सुरू करा ना."

"भायेर उनान कोन उबी हायती?"

"मुलीकडची. तुमच्यानंतर बसतील."

"आन पोरीचा बापूस?"

"ते सगळ्यांच्या शेवटी."

म्हातारीने ताट पुढे सरकवलं. मला वाटलं, मोडलं लग्न. कोपऱ्यात मनस्वी पदराचं टोक चुरगाळत उभी होती.

"खुर्च्या काढा," गंगाबाई मला म्हणाली. "सगल्यांना आत घ्या. येका ताटाला दोन-तीन जनां बसा, आपली-त्यांची येकत्र. पोरी, तू आनखी भात टाक."

मी सतरंज्या अंथरल्या. उरणची आणि दाजींच्या गावची माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली. मटणाचे तुकडे ज्याने त्याने समोरच्याकडे सरकवले, त्यामुळे ते बराच वेळ कोणीच खाल्ले नाहीत. इतकी मोठी पार्टी इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. माझा राग कुठे गेला, कळलंही नाही.

दाजी दारातच उभे होते.

"दाजी, माज्या ताटाला या," गंगाबाई म्हणाली.

"पोरीचा बाप आदी जेवत नाय, आजी."

"पोरीचा बाप उपाशी, तं मना घास कसा उतरंल?"

दाजी तिच्याशेजारी बसले. मी त्यांच्या भातावर रस्सा वाढला. त्यांनी घास तोंडात घातला. डोळे वाहायला लागले तसा म्हातारीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"सावकास जेव, बाबा. सरलं तं सरलं."