आईला लाव फोन

हिरानं पर्स टेबलावर उलटी केली. लिपस्टिक, कंगवा, चावी. बाकी काही नाही. तिनं समोरच्या पोरीच्या आवळलेल्या ओठांकडे पाहिलं.

"तोंड उघड."

"डेंटिस्ट आहात का?" पाण्याचा घोट गिळून शेफाली म्हणाली.

मांजरी गावाहून या पबच्या दारावर बाउन्सर म्हणून यायला लागल्यापासून हिरानं असले टोमणे पुष्कळ पचवले होते. आपल्या दारातून नशेची गोळी आत जाणार नाही, हा तिचा पण. पोलीस बोलवायचे नाहीत, हा मॅनेजर सुदर्शनचा हुकूम, परवान्याला धोका. मग हिरानं स्वतःचा कायदा काढला होता. पुडी सापडली, की पोरीनं तिथंच, सगळ्यांदेखत, स्पीकरवर आईला फोन लावायचा. भल्याभल्या पोरी पाया पडायच्या. हिराला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

तोंडातही काही दिसलं नाही, हिरानं तिला आत सोडलं. शेफाली मित्रांसाठी भिंतीपाशी थांबली. पुरुषांच्या झडतीची लांबलचक रांग सरकेपर्यंत ती घामानं निथळली, मग जबडा आवळून खाली कोसळली.

सुदर्शन धावत आला. "रिक्षात घाल आणि घालव. आपल्या गेटवर नको."

"अँब्युलन्स बोलावलीय."

"वा. बँडबाजापण बोलवायचा."

हिरानं शेफालीच्या मित्राची, सौमित्रची, कॉलर धरली. "काय घेतलंय तिनं?"

"काही नाही. ॲसिडिटी आहे."

"डॉक्टरला हेच सांगू? मरंल ती."

"तुम्ही आधी तिच्या घरी फोन लावाल. माहितीये सगळ्यांना."

"न्हाय लावत. बोल."

"पार्टीच्या गोळ्या. आम्हा पाच जणांच्या तिच्याकडे होत्या." त्याचा आवाज चिरकला. "ती एकच घेणार होती. दारात तुम्ही दिसलात, म्हणून सगळ्या गिळल्या."

हिराच्या हातातून कॉलर सुटली.

अँब्युलन्स आली तेव्हा मित्र पांगले होते. हिराच गाडीत चढली आणि पाच गोळ्यांचं तिनं स्पष्ट सांगितलं. शेफालीच्या हातून पडलेला, तिनं उचलून घेतलेला फोन खिशात वाजला. पडद्यावर 'आई'.

'बघा तुमची लेक काय दिवे लावतीय' हे वाक्य तिनं कितीतरी आयांना ऐकवलं होतं. आज तिनं फोन मांडीवर पालथा ठेवला. फोन थांबला, पुन्हा वाजला.

"उचला की," नळी लावता लावता गाडीतला माणूस खेकसला.

हिरानं फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

"शेफू, जेवलीस का गं?"