थोरली पाती, धाकटी पाती आणि हललेला फोटो

धारच्या दत्तोपंतांकडे कॅमेरा सुनेच्या माहेरून आला होता, म्हणूनच तो बिघडलेला आहे असं त्यांचं ठाम मत होतं. सुमंगलेच्या फोटोत काहीच ओळखू येत नसे. तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायका म्हणून ती दाखवायची, आणि कागदावर नुसते पांढरे फराटे. कॅमेरा धड होता. शटरचा खटका उघडा ठेवून ती मुद्दामच कॅमेरा हळूहळू फिरवायची. पाणी, लुगडी, ऊन एकमेकांत विरघळलं की तिला ते आपलं तळं वाटे. पण हे सासऱ्यांना कसं सांगणार?

"सूनबाई," दत्तोपंत एक दिवस म्हणाले, "देवासला दसऱ्याचा फोटो काढायचाय. माणसं माणसांसारखी दिसली पाहिजेत. नाही दिसली, तर कॅमेरा माझ्या पेटीत आणि किल्ली जानव्याला."

संस्थानं विलीन होऊन वर्ष उलटलं होतं. देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात पिढ्यान्‌पिढ्या नांदली होती, एकमेकांकडे शक्यतो न बघता. राज्यं गेली, मान शाबूत राहिला. दोन्हीकडच्या मानकऱ्यांनी यंदा प्रथमच एकत्र सोनं लुटायचं ठरवलं. गावातला फोटोवाला कुठल्या पातीचा, हा वाद नको म्हणून धारहून कुणी आणायचं ठरलं. दत्तोपंतांनी सूनच नेली.

दुपारीच खुर्च्या मांडल्या गेल्या. मधली कोणाची, तिथे गाडं अडलं.

"थोरली ती थोरली," थोरल्या पातीचे माजी कारभारी गोपाळराव म्हणाले.

"होती," धाकट्या पातीचे भैयासाहेब म्हणाले. "आता आपण सारे मध्यभारताचे साधे रहिवासी. साध्या माणसानं कडेला बसायला काय हरकत आहे, भिया?"

"मग बसा की कडेला."

मधली खुर्ची उचलून दोघांना सारख्या खुर्च्या दिल्या. तर जमीन उताराची, भैयासाहेबांचं पागोटं बोटभर खाली. खुर्चीखाली पाट सरकवला, तर गोपाळरावांनी दोन मागवले. असं करता करता ऊन टेकडीवर चढून गेलं. दत्तोपंत सुनेच्या मागे छत्री धरून ताटकळत उभे होते.

उजेड थोडा, खटका बराच वेळ उघडा ठेवावा लागणार.

"आता कुणी हलू नका," सुमंगला म्हणाली आणि तिनं खटका उघडला.

गोपाळरावांनी खुर्ची जराशी पुढे ओढली. ते पाहून भैयासाहेबांनी ओढली. मागची रांगही पुढे सरसावली. फोटो गेला, कॅमेराही गेला. मग शेवटचा तरी आपल्या मनासारखा का नसावा? तिनं कॅमेरा पागोट्यांच्या रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला.

प्रती इंदूरहून आल्या. फोटोत चकाकत्या जरीच्या लाटा होत्या. तोंड एकालाही नव्हतं. दत्तोपंतांनी कॅमेरा पेटीत घातला, किल्ली जानव्याला बांधली आणि माफी मागायला सुनेला घेऊन देवास गाठलं.

गोपाळरावांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. "हे मधलं उंच पागोटं माझं," ते समाधानानं म्हणाले.

"बरोबर. आणि ज्याच्यावर सगळा उजेड पडलाय, तो मी," भैयासाहेब म्हणाले.

कडेला बसलेल्यांनाही आपण मधेच सापडलो. आजवर कुठल्याच फोटोवर दोन्ही पात्या इतक्या खूश झाल्या नव्हत्या. प्रत्येकानं दिवाणखान्यासाठी एकेक प्रत मागितली.

धारला परतल्यावर दत्तोपंतांनीही एक प्रत भिंतीवर लावली. शेजारचे कृष्णराव बघायला आले, तेव्हा त्यांनी मधल्या लाटेवर बोट ठेवलं.

"हा मी."

सुमंगलेनं सासऱ्यांकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या छत्रीकडे पाहिलं.

"हो मामंजी, आपणच," ती म्हणाली.

कृष्णराव गेल्यावर दत्तोपंतांनी जानव्याची गाठ सोडली आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"पुढच्या वेळी धारच्या मंडळींचा काढ," ते म्हणाले. "असाच. फक्त मला जरा आणखी उजेडात घे."