पाचवी माळ

रेखाला पंचांगातलं काही कळत नाही असा घरात सगळ्यांचा समज होता, आणि तो मोडायची तिला कधी गरज वाटली नव्हती. असे समज फार सोयीचे असतात. तोक्योतल्या हिगाशी-कसाईच्या आठव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये पुण्याहून आलेली दिनदर्शिका होती, पण ती फ्रिजच्या कडेला, कचऱ्याच्या वेळापत्रकाखाली टांगलेली. जळणारा कचरा कधी, प्लास्टिक कधी, हे वरचं पान सगळे बघत. खालची पानं एकटी रेखा उलटायची.

जुलैत तिच्या सासूबाई, सुनीताबाई, तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर सासू म्हटलं की ऐकणारा लगेच बाजू घेऊन बसतो. त्यांचे टोमणे नाहीत, कुरकुर नाही. दुधाचे खोके धुऊन, कापून, वाळवून वेगळे ठेवायला त्या आठवड्याभरात शिकल्या. पण घर दोन खोल्यांचं, आणि रेखा त्यात नऊ वर्षं आपल्या मर्जीने वावरलेली. दुपारी ती भारतीय किराणा दुकानातल्या बाइतोवरून, म्हणजे तासावारी कामावरून, परत यायची तेव्हा दार उघडताच आवाज यायचा, "आलीस? चहा टाकू?" यात न आवडण्यासारखं काय आहे? काहीच नाही. तरी रेखाच्या कपाळाला आठी पडायचीच. तिला चहा नको असायचा. घरात शिरताना कुणी काही विचारायलाच नको असायचं.

तिचा नवरा नंदकिशोर एका जपानी बँकेच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर होता आणि जगातल्या सगळ्या गोष्टींकडे प्रोजेक्ट म्हणूनच बघायचा. त्या वर्षी सप्टेंबरात कधी नव्हे ती पाच दिवसांची सलग सुट्टी येत होती. त्याने योकोहामाहून ओगासावारा बेटांकडे जाणारी क्रूझ शोधून काढली. एक फेरी ऑगस्टात होती, एक सप्टेंबरात.

"सप्टेंबर म्हणजे तायफून सीझन," तो म्हणाला. "रिस्क आहे, पण प्रोबॅबिलिटी लो आहे. तुला काय वाटतं?"

सप्टेंबरातल्या त्या सुट्टीचा पहिला दिवस म्हणजे घटस्थापना. रेखाला ते तोंडपाठ होतं.

"सप्टेंबरच घे," ती म्हणाली. "ऑगस्टात फार गर्दी असते."

नंदकिशोरने लेक मिताली धरून चौघांची तिकिटं काढली आणि जेवताना मोठ्या उत्साहाने ती जाहीर केली. सुनीताबाईंचा घास हातातच राहिला. "अरे, त्या शनिवारी घट बसतात."

पुण्याचं घर बंद होतं, म्हणून देवीचा चांदीचा टाक त्या रुमालात गुंडाळून इकडे घेऊन आल्या होत्या. टाक जिथे, घट तिथे. आणि घट बसले, दिवा लागला, की घराला कुलूप घालायचं नाही, हा त्यांच्याकडचा रिवाज. नंदकिशोरने बायकोकडे पाहिलं. "रेखा, तुझ्या लक्षात कसं नाही आलं?"

"मला कुठे कळतं रे पंचांग?"

तो तिकिटं रद्द करायला निघाला होता. सुनीताबाईंनीच त्याला थोपवलं. "कशाला? पोरीचा विरस नको. तुम्ही तिघं जाऊन या. मी आहे की घरी." हे म्हणताना त्या रेखाकडे बघत नव्हत्या, आमटीत भात कालवत होत्या. रेखाला मनापासून आनंद झाला. तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती पाणी आणायला उठली.

घटांची तयारी मात्र रेखाने हात राखून केली नाही. बागकामाच्या दुकानातून मातीची पिशवी आणली, पत्रावळीऐवजी बांबूचं सूप, दुकानातूनच गहू. झेंडू मिळाला नाही तेव्हा शेवंती. जपानात शेवंती देवापेक्षा मेलेल्या माणसांना जास्त वाहतात, त्यामुळे फुलवाल्या बाईने ती देताना रेखापुढे फार हळहळून मान लववली. तिळाचं तेल आणायचं काम नंदकिशोरकडे होतं. त्याने सुपरमार्केटमधून आणलं ते भाजलेल्या तिळांचं. दिवा लागला आणि देवघराचा कोपरा भज्यांच्या गाडीसारखा दरवळू लागला.

"असू दे," सुनीताबाई म्हणाल्या. "देवीला कळेल आपण कुठे आहोत ते."

पहिली माळ चढली आणि दुपारी तिघं निघाले. निघताना नंदकिशोरने आईला सूचना दिल्या: दार कुणालाही उघडायचं नाही, पडदा दिव्यापासून लांब, भूकंप झाला तर आधी दिवा विझवायचा. शेवटची सूचना सुनीताबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखी केली.

जहाज छान होतं. आठ वर्षांची मिताली कठड्यापाशी उभी राहून जपानीत भराभर बडबडत होती, नंदकिशोर फोटो काढत होता आणि रेखा खुर्चीवर नुसती बसली होती. कुणी काही विचारत नव्हतं. चहा हवा असला तर आपण उठून घ्यायचा, नको असला तर नाही. इतक्या साध्या गोष्टीसाठी समुद्रात यावं लागलं याचं तिला हसू आलं. ती त्या संध्याकाळी खरोखर सुखी होती, आणि ते तिच्याकडून काढून घ्यायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानाने लाउडस्पीकरवरून क्षमा मागितली. जपानात तायफूनला नंबर देतात, हा चौदा नंबरचा. तो सरळ बेटांच्या दिशेने वळला होता. जहाज मागे फिरून तोक्योच्या उपसागरात नांगर टाकून थांबेल, सहल ठरल्या दिवशी संपेल, करमणुकीचे कार्यक्रम चालू राहतील, आणि पुन्हा एकदा मनापासून क्षमा असावी.

"म्हणजे घरी?" रेखाने विचारलं.

"नाही," मिताली म्हणाली. "घराच्या समोर."

तिचं अगदी खरं निघालं. संध्याकाळच्या सुमाराला पावसाची सर ओसरली आणि पाण्यापलीकडे, किनाऱ्यावर, रंगीत दिव्यांचं एक चक्र दिसलं. कसाईच्या समुद्रकाठच्या बागेतला तो मोठा पाळणा. त्यांच्या बाल्कनीतून तो रोज दिसायचा. घरापासून पळायला म्हणून एवढा खटाटोप केला आणि जहाजाने तिला घरासमोर आणून उभं केलं. नंदकिशोरला हे फारच विनोदी वाटलं, त्याने त्याचाही फोटो काढला.

नेटवर्क आलं तसा रेखाने घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, तरी तेच. वारा आता जहाजाच्या अंगावर येऊन आपटत होता, डेकचे दरवाजे बंद केले होते.

"झोपली असेल," नंदकिशोर म्हणाला.

"यावेळी? आरतीची वेळ आहे ही."

"मग आरती करत असेल."

"दायजोबु, आई," मिताली म्हणाली. काही होत नाही, या अर्थाने जपानी मुलं हे दिवसातून शंभरदा म्हणतात.

रेखाने मात्र तिसऱ्यांदा फोन लावला. डोळ्यांपुढे पडदा, दिवा, तेल. एकाहत्तर वर्षांची बाई, गुडघे अधू, भाषेचा एक शब्द येत नाही, आणि बाहेर तायफून. आपण तिला एकटं ठेवलं. विसरून नव्हे, योगायोगाने नव्हे, फ्रिजच्या कडेचं पान नीट वाचून ठेवलं. हे जगात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं, आणि त्याचं ओझं कमी व्हायच्या ऐवजी वाढत होतं.

इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सुरेखा राहायची. तिला फोन करायचं रेखाच्या जिवावर आलं, कारण सुरेखाने निघायच्या आधी विचारलं होतं, "काकूंना नेत नाही?" आणि रेखाने तोंडभरून सांगितलं होतं, "घट आहेत ना!" पण आता लाजून भागणार नव्हतं. तिने फोन केला. सुरेखा वर जाऊन आली.

"बेल वाजवली, हाका मारल्या. दार नाही उघडलं गं," सुरेखा म्हणाली. "पण जळाल्याचा वास नाही. तळणीचा येतोय."

"तो दिव्याचा," रेखा म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. नंदकिशोरने जाऊन जहाजावरच्या अधिकाऱ्याला विचारलं की किनाऱ्यावर सोडता येईल का. त्या माणसाने दोन्ही हात मांडीला लावून इतक्या नम्रपणे नकार दिला की भांडायलाही जागा राहिली नाही. खाली हॉलमध्ये कुणीतरी पियानो वाजवत होतं. रेखा गोल खिडकीपाशी बसून त्या पाळण्याकडे बघत राहिली, आणि थोड्या वेळाने पाळण्याचे दिवेही बंद झाले.

सकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"हॅलो? कोण, रेखा? पोहोचलात का बेटावर?"

"आई! फोन का नाही घेतलात काल?"

"अगं, घेते कशी? तुमच्या त्या भिंतीतल्या झरोक्यातून काय वारा येत होता! दिवा नुसता फडफडत होता. दोन्ही हातांचा आडोसा करून बसले होते मी. उठले असते तर गेला असता दिवा. बेल पण वाजत होती मेली."

"सुरेखा होती ती."

"मला काय ठाऊक? नंदूने सांगितलंय दार उघडायचं नाही. तुम्ही मजा करा. माझं बरं चाललंय."

रेखाने हुश्श केलं. उरलेले दिवस जहाज आसपासच्याच पाण्यात फिरलं, बेटं काही दिसली नाहीत. जेवण उत्तम होतं. एका रात्री जादूचे प्रयोगही झाले.

बुधवारी दुपारी ती घरी पोहोचली तेव्हा दारातच भज्यांचा वास आला, आणि आतून आवाज. "आलात? चहा टाकू?"

"टाका," रेखा म्हणाली.

सुनीताबाईंच्या दोन्ही तळहातांना काजळी धरली होती, धुऊनही पुरती गेली नव्हती. सुपातले गहू बोटभर वर आले होते, फिकट पोपटी. त्या दिवशी पाचवी माळ. बोटं आखडली होती म्हणून सुनीताबाईंनी शेवंतीचं ताट रेखापुढे सरकवलं आणि रेखा दोरा ओवत बसली. तेवढ्यात पुण्याहून सुनीताबाईंच्या बहिणीचा फोन आला. त्यांच्याकडे सुतक होतं, ते आज फिटलं, आता घटांचं काय करायचं असं ती विचारत होती.

"काय करायचं म्हणजे? बसव की आज," सुनीताबाई मोठ्या आवाजात म्हणाल्या, परदेशातून मोठ्यानेच बोलावं लागतं अशी त्यांची समजूत होती. "अडचण असली की पाचव्या माळेला बसवतात. आम्ही नाही का, नंदू झाला त्या वर्षी सोयर होतं तेव्हा बसवले? हे एकदा कामासाठी कोल्हापूरला अडकले होते, तेव्हाही पाचव्यालाच. काही बिघडत नाही. देवी समजून घेते."

रेखाचा हात थांबला. शनिवारी निघायचं, बुधवारी परतायचं. बुधवार म्हणजे आज. आज घट बसवले असते तरी चाललं असतं. टाक रुमालात गुंडाळलेला राहिला असता, घराला कुलूप लागलं असतं, आणि चौथं तिकीट फुकट गेलं नसतं.

फोन ठेवून सुनीताबाई शेजारी येऊन बसल्या. मिताली आतल्या खोलीत टीव्ही बघत होती, नंदकिशोर बॅगा उपसत होता.

"आई," रेखा हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला यायचं असतं तर येता आलं असतं."

"हो."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

सुनीताबाईंनी ताटातली एक चुरगळलेली शेवंती बाजूला काढली. "तू तरी कुठे बोललीस?" त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. रेखाला भयंकर लाज वाटली, कानांपर्यंत गरम झालं, आणि माफी मागावी म्हणून तिने तोंड उघडलं तर सुनीताबाई दोऱ्याकडे बोट दाखवत होत्या.

"गाठ सैल आहे बघ ती. सुटेल."

रेखाने गाठ पुन्हा घातली. माळ पुरी झाली. घटावरच्या दांडीला ती बांधायची, तर दांडी नंदकिशोरने आपल्या उंचीने लावलेली. रेखा स्टुलावर चढली. स्टूल जरासं डुगडुगलं, तशा सुनीताबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि ती माळ बांधून उतरेपर्यंत त्यांनी ते आपल्या काळ्या हातांनी धरून ठेवलं.